गोड बोला, पण मोठ्यानं

इथं डिसेंबरात थंडी पडते म्हणजे
सकाळी खिडकीच्या काचेला घाम फुटतो
आणि फिलोमिना तुस्कानो कानटोपी काढते,
वसईहून आणलेली, मरून, एका कानाशी उसवलेली.
बाहेर एकोणीस अंश. तिला सांगायचं नाही.

आम्ही तेराजण,
मुहर्रकमध्ये, विमानतळाला इतके खेटून
की उतरत्या विमानांची चाकं मोजता येतात.
प्रत्येक विमानात कुणाचा तरी मुलगा असतो,
असं आम्ही चहाला म्हणतो.
कुणाचा, ते विचारत नाही.

माझी चारुता पोरांना घेऊन तिबिलिसीला गेलीये,
बर्फ दाखवायला.
आई, पाचच दिवस.
म्हटलं जा बाई, वितळायच्या आत जा.
फोटोत धाकटा
फ्रीजरमधून काढलेल्या मटाराच्या पिशवीसारखा दिसतो,
सगळीकडून फुगलेला, नाक तेवढं बाहेर.

झाडाचं खोकं उघडलं तर मधला तुकडाच गायब.
बुंधा होता, शेंडा होता.
वर्गीससाहेब, पस्तीस वर्षं अॅल्युमिनियमच्या कारखान्यात,
चश्मा पुसत म्हणाले, होईल.
मधे सलाइनचा स्टँड उभा केला,
लोर्नानं त्याला हिरवा कागद गुंडाळला.
झाड झालं. चाकांवरचं.
रोज संध्याकाळी खोल्याखोल्यांतून फिरायचं,
आधी गद्रेबाईंकडे,
त्या उठत नाहीत म्हणून.

लोर्ना बांबूच्या काड्यांची चांदणी बांधत होती,
तिच्या गावाकडची, पाच टोकांची,
लाल जिलेटिन, आत बल्ब.
वाटीत खळ होती.
माझी बोटं मला न विचारता पुढं झाली.
शेपटीच्या झिरमिळ्या मी कापल्या.
हात थरथरतो, कात्री नाही.

फिलोमिना म्हणाली, तुझी संक्रांतही आत्ताच उरकून टाकू,
जानेवारीचं कुणी सांगावं?
उद्या दूध येणार नाही म्हणावं
इतक्या साध्या आवाजात.

म्हणून चोवीस तारखेला, रात्री आठला
(मध्यरात्र आम्हाला झेपत नाही)
टीव्हीवर मिस्सा संपला,
फिलोमिनानं डोळे पुसले, कानटोपीनंच,
आणि सगळे माझ्याकडे बघू लागले.
माझ्याकडे ना तीळ, ना गूळ.

तेवढ्यात अबू याकूब रहशचा डबा घेऊन आले.
तिळाचा, करडा, चमचा लागताच भुगा होणारा.
शेजारच्या गल्लीतून, पुतण्यानं आणलेला.
मी जिभेवर ठेवला
आणि थोडा वेळ कुणाशी बोलले नाही.

मधुमेहवाल्यांना नखाएवढा. म्हणजे बहुतेकांना.
मी प्रत्येकाच्या तळहातावर ठेवत गेले,
आमचं वाक्य म्हणत, त्याचा अर्थ सांगत.
अबू याकूब कानामागं हात धरून: काय?
लहानपणी बापाच्या होडीवरून
मोत्यांसाठी बुडी मारली, ती शेवटचीच सालं होती,
डाव्या कानाचा पडदा तेव्हाच फाटला.
काय म्हणतेस, उम्म शारुता?
(च त्यांच्या तोंडात बसत नाही.)
गोड बोला! मी ओरडले.
वर्गीससाहेब दचकले,
लोर्ना धावत आली, कोण भांडतंय म्हणून.

दोन जानेवारीला झाड मोडलं.
स्टँड गद्रेबाईंना लागला.
वरचा कागद काढायला वेळ नव्हता,
बाटली हिरव्या फांदीला लटकावी तशी लटकली,
आठवडाभर.
मग त्यांची खोली धुतली, पंखा लावून वाळवली.

चौदा तारीख मी विसरले. खरंच विसरले.
नाश्त्याला उपमा होता, गार,
आणि चारुतेचा फोन लागत नव्हता.
मागून खांद्यावर बोट टेकलं,
कागदात गुंडाळलेला करडा तुकडा पुढं आला,
आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं
अबू याकूब म्हणाले,
गोद गोद बोला.

ड दुरुस्त करावा असं क्षणभर वाटलं.
मग मी त्यांच्या उजव्या बाजूला सरकून बसले
आणि उपमा त्यांच्याकडे ढकलला.