अर्धा सूत

रबाळ्याला, पाइपलाइनच्या कडेच्या शेडमध्ये
पिवळा हात दोन दिवस नुसता उभा होता,
मनगटापर्यंतचा.
त्याच्या समजुतीप्रमाणे तो तिथंच संपत होता:
सहा बोल्टांची चकती, पुढं हवा.
सॉफ्टवेअरमध्ये अवजारांच्या यादीत एकच नाव. शून्य.

मी ‘नवीन’ दाबलं.
स्थळाची चौकशी करावी तसं एकेक विचारू लागलं.
वजन? लांबी? गुरुत्वमध्य कुठे?

अवजार हिराजी भोईरांनी केलेलं,
गोठिवलीच्या गाळ्यात, हातलेथवर,
पंपाच्या बिडाच्या खोळीची कडा खरवडायला.
वजन त्यांनी शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर घेतलं.
दोन किलो एकशे साठ.
“तो काटा मारतो,” म्हणाले, “वीस चढव.”
मग कानस उभी धरून तिच्या कडेवर
अवजार आडवं तोललं,
मागं, थोडं पुढं, श्वास धरून,
आणि ते झुकेना तिथं खडूची रेघ मारली.
ती रेघ मी मिलिमीटरमध्ये लिहिली.

लांबी तेवढी ड्रॉइंगवरून घेतली. तीनशे बारा.
ड्रॉइंग माझं होतं.

पहिल्याच खेपेला हात उतरला
आणि बिडात रुतला.
आवाज असा की कँटीनमधून लोक धावत आले,
एकाच्या हातात अजून पोळी.
खोळ गेली.
घैसास साहेब वाकून बघत राहिले चरा,
मग म्हणाले, “तांडेल, हे कुणाच्या खात्यात?”

मी बाहेर येऊन फोन लावला.
समोर पारसिकचा कापलेला डोंगर, उन्हात लाल.
“काका, टोक किती ठेवलंय?”
“अर्धा सूत जास्त.”
“का पण?”
“पोरांना शिवतात ना वाढत्या अंगाचं?
हे झिजत्या अंगाचं. बीड खातं ते टोकाला.
वर्षभर घासू दे,
मग होईल तुझ्या कागदाएवढं.”

सॉफ्टवेअरला मिलिमीटर कळतात, इंच कळतात.
सूत कळत नाही.
इंचाचा आठवा भाग, त्याचा अर्धा,
आणि तो एका माणसाच्या अंगठ्याच्या नखावर मोजलेला.

मग संध्याकाळी टेबलावर टोकदार खिळा रोवला.
हात हळूहळू आणला, टोकाला टोक,
मध्ये एनएमएमटीचं तिकीट सरकवून:
तिकीट अडकायला नको, सैलही सुटायला नको.
नोंद.
मग दुसरीकडून, मनगट वळवून. नोंद.
तिसरीकडून. चौथीकडून.
एकाच घरी चार गल्ल्यांतून जावं तसं.
घर हललं नाही तर
कुठून किती चाललो ते आपोआप कळतं.

तिकिटाचा चुरा झाला. लांबी आली:
तीनशे तेरा पूर्णांक सहा.
खाली बारीक अक्षरात, संभाव्य चूक शून्य पूर्णांक दोन.
ती खिळ्याची आणि माझी मिळून.

शेवटी नाव विचारलं. आठ अक्षरांच्या आत, रोमन.
हिराजी बसलं.

“जुळलं का?” घैसासांनी विचारलं.
“जुळलं.”

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी
खिळा, तिकीट, चार गल्ल्या.
तेरा पूर्णांक चार. तेरा.
मध्ये ऑर्डर नव्हती तेव्हा तीन महिने बारा पूर्णांक सात,
जिथल्या तिथं,
आणि मला उगाच बरं वाटलं होतं.

मार्चात तीनशे बारा झालं.
ड्रॉइंग पहिल्यांदा खरं ठरलं.
फोन लावला तर ते दिव्याला हळदीत,
मागं बेंजो.
“काका, तीनशे बारा!”
“काय?”
“कागदाएवढं झालं!”
“मग संपलं की ते,” ते ओरडले.
“नवीन कधी टाकू?”

यादीत हिराजीखाली मी हिराजी-दोन उघडलं.
वजन भरलं, जुन्यावरून.
लांबीचा चौकोन
मोकळा ठेवला.