तोंड भिंतीकडं

मोंढ्यात तुरीची आवक दुपारनंतर वाढते,
नेमका तेव्हाच मन्मथअप्पांचा फोन :
"इर्शाद, ये बाबा लवकर, मशीन येड्यावानी करायलंय."
गेलो. हमाल पोत्यावर पोतं रचत होते,
आणि आत, पंख्याखाली,
पडद्यावर लाल रंगात इंग्रजी मजकूर,
त्याच्या खाली उलटं चालणारं घड्याळ.
एकाहत्तर तास, बारा मिनिटं.

आधी इंटरनेटची वायर उपटली.
पेटल्या गंजीपासून दुसरी गंजी वाचवावी
तसं वजनकाट्याचं मशीन तोडून बाजूला केलं.
मग विचारलं, सकाळी काय उघडलं होतं?
बिरादारताई म्हणाल्या, जीएसटीची नोटीस.
नोटीस नव्हतीच ती.
नावाच्या मागं आणखी एक शेपूट होतं,
घाईतल्या डोळ्याला न दिसणारं.
त्या रडल्या नाहीत. पदर खोचून म्हणाल्या,
"मी उघडली. मीच. लिहून घ्या पाहिजे तर."
कुठं लिहू ताई,
मी स्वतः एकदा लॉटरी उघडली होती.

पैसे भरू का, अप्पांनी विचारलं.
भरून किल्ली मिळंलच असं नाही अप्पा,
चोराची पावती कुठल्या कोर्टात दाखवणार?
बॅकअप? होता की. पेन ड्राइव्ह.
दिवाळीपासून मशीनलाच खोचलेला.
कुलपालाच लटकवलेली किल्ली,
तीही आता त्यांचीच.

तेव्हा ताई उठल्या, स्कूटीवर घरी गेल्या,
ज्वारीच्या डब्यातून, ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेली
एक डिस्क घेऊन आल्या.
"तुम्हीच म्हणाला होता ना,
दर रविवारी जोडायची आणि काढून ठेवायची."
म्हणालो असेन. सगळ्यांनाच म्हणतो.
पुसून काढलेल्या मशीनवर रविवारपर्यंतचा हिशोब उतरला.
पुढचे चार दिवस कागदी पट्ट्यांवरून,
ताई वाचत गेल्या, मी टाकत गेलो,
तूर, तूर, हरभरा, तूर.

साडेदहाला उरला फक्त अप्पांचा पासवर्ड.
मेलला तोच, बँकेला तोच, मशीनला तोच :
गिरिजा, आणि पुढं दोन हजार चार.
उदगिरात कुणीही सांगेल.
शाळेत दरवर्षी तिच्या नावाची ढाल देतात,
ढालीवर कोरलेलाच आहे तो.

बदलावा लागंल, मी म्हटलं.
अप्पा कीबोर्डकडं बघत राहिले.
"रोज सकाळी, दुकान झाडायच्या आधी,
दोन बोटांनी हाक मारतो रे तिला.
तीपण चोरानं न्यावी का?"

हे माझ्या कोर्समध्ये नव्हतं.
बराच वेळ माउसची वायर गुंडाळली, सोडली.
मग म्हटलं, नाव नको अप्पा.
तिचं एखादं वाक्य घ्या. लांब, आख्खं,
तुमच्या घराबाहेर कुणी न ऐकलेलं.
मेलला एक, बँकेला दुसरं.
एकसारखं कुठंच नको.

"लै बोलायची," अप्पा म्हणाले.
"तासभर थांबशील का?"

आमच्या धंद्याचा नियम आहे,
कुणी पासवर्ड टाकत असलं की
मी तोंड भिंतीकडं करतो.
भिंतीवर बियाणं कंपनीचं कॅलेंडर, मागच्या महिन्याचं.
पण कान फिरवता येत नाहीत.
एक कळ. एक कळ. मधेच शांत.
बाहेर हमाल ताडपत्री ओढत होते.
मग अप्पा पुटपुटले, "छे, असं नव्हती म्हणत ती,"
आणि सगळं खोडून
पहिल्यापासून टाकू लागले.