आठ की नऊ

सोमवारी कन्नडला रजिस्ट्री कचेरीत काम होतं.
रंगा म्हणाला, शनिवारीच निघू,
दोन दिवस हिंडू, मग सही.
सहीचं नाव त्यानं तेवढं एकदाच घेतलं,
जालन्याच्या नाक्यावर, चाकात हवा भरताना,
आणि पंपाच्या आवाजात
मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.

पिशवीत बाजरीच्या भाकरी, कारळाची चटणी,
माझी गुडघ्याची पट्टी,
सगळ्यात खाली प्लास्टिकच्या पाकिटात
सातबारा, आधार, दोन दोन फोटो.
कार्तिकातलं ऊन. दोन्ही अंगांनी कपाशी फुटलेली.
तीस वर्षांनी मी भावाच्या गाडीवर मागं.
आधी सायकलच्या दांडीवर पुढं असायची.

पितळखोऱ्याला उतरताना
पायऱ्या नाही, धाप मोजली.
ओढ्याला पोटरीएवढं पाणी,
आणि एक वानर आमच्या भाकरीकडं
ओळखीच्या पाहुण्यासारखं बघत बसलेलं.
खाली दगडात हत्तींची रांग.
रंगा म्हणाला, आठ.
मी म्हणाले, नऊ.
"तो? त्याला ना सोंड, ना तोंड."
"पाय आहेत की. उभा आहे."
"तुटलेला कामून धरायचा?"
"रांगेत आहे म्हणून धरायचा."
राखणदार हसला. मोजायला तिकीट नाही म्हणाला,
मोजा कितीही बार.

रात्री लॉजवर दोन खाटा,
मधी टेबल, टेबलावर ते पाकीट.
पंखा उचकी लागल्यागत फिरायचा.
रंगा थेट दादांसारखा घोरतो
हे मला माहीतच नव्हतं.

रविवारी नागापूरवरून अंतूर, पायी.
खंदकाच्या कड्यावर शहरातली पोरं दोर टाकून बसलेली.
"पंच्याऐंशी किलोला चालंल का?" रंगानं विचारलं.
चालेल म्हणाले. मग त्यानं खाली वाकून पाहिलं
आणि म्हणाला, "पमे, तू जा."
माझ्या पायात चपला. त्यानं बूट काढून दिले,
पुढं पेपरचे बोळे कोंबून.
पोरांनी पट्टे आवळले, डोक्यावर पिवळं टोपडं.
"मागं झुका, मावशी. दोरावर भरवसा ठेवा."

भरवसा.
आमच्या विहिरीत पोहायला शिकवताना
हाच वरून ओरडायचा, "धरलंय गं, धरलंय,"
आणि दोर कधीचा सोडून दिलेला असायचा.
तशीच तर शिकले.
ती विहीर त्याच चार एकरात आहे.

झुकले.
काळा दगड नाकासमोरून वर जायला लागला,
फटीत गवत, एक सरडा, मधमाशीचं जुनं घर,
पोटात काहीतरी सुटलं आणि मी
एवढ्या जोरात हसले की पोरं घाबरली.
खाली टेकल्यावर वर बघितलं तर
कड्यावर रंगा, अनवाणी,
तापलेल्या दगडावर हा पाय तो पाय करत,
माझ्या चपला छातीशी धरून.

घालता आल्या असत्या त्याला. निम्म्या तरी.

वरच्या तळ्याशी सीताफळं फोडली.
बिया कोण लांब थुंकतं ते झालं, मी हरले.
एक बी बोटात फिरवत तो म्हणाला,
"मनात नसंल तर नको करू सही."
मी म्हणाले, "बूट घे तुझे. पाय भाजले असतील."
त्यानं घेतले नाहीत.
तळ्यात एक टिबुकली बुडाली.
ती कुठं निघते ते बघत
आम्ही दोघं बराच वेळ गप्प बसलो.

सोमवारी कचेरीसमोर टपरीवर
पाकीट मांडीवर घेऊन बसले होते.
"नऊ," मी म्हणाले.
"चहा पी, निवतोय," तो म्हणाला.
समोर शटर अर्धंच वर गेलेलं,
आतून कुणीतरी झाडू मारत होतं,
नुसते पाय दिसत होते.