अंडं तरंगेपर्यंत

रेडिओवर सांगितलं, परवा पहाटे उणे दोन.
तेव्हा आजच सगळं उतरवून घेतलं, झ्लातिना,
जे पिकलं नाही ते, आणि जे पिकणारच नव्हतं तेही.
हिरव्या टोमॅटोंच्या दोन बादल्या,
बोटाएवढी गाजरं, मातीसकट,
फुलकोबीचे तीन गड्डे (एक गोगलगायीनं आधीच उष्टावलेला),
आणि शेवटच्या ढोबळ्या मिरच्या, एकाच गालावर लाल,
उशिरा उठून शाळेला निघालेल्या पोरांसारख्या.

निळं पिंप तू ठेवलंस तिथंच होतं,
तळघरात, पालथं.
खाली कोळ्याचा संसार. तो हलवला.
गरम पाण्यानं तीनदा विसळलं
तरी मागच्या खेपेचा वास गेला नाही.
चौथ्यांदा विसळलं नाही.

तुझ्या हातचा कागद सापडत नाही.
शेजारच्या स्तोइनाला विचारलं, मीठ किती?
म्हणाली, अंदाजानं.
अंदाजानं!
चाळीस वर्षं ट्रॅक्टरची इंजिनं उघडली मी,
एक वॉशर अंदाजानं बसवला नाही.

मग फोन लावला.
बोलोन्यात तू तुझ्या म्हातारीला भरवत होतीस,
हातात चमचा, कान आणि खांद्याच्या मध्ये मी.
"पाण्यात कच्चं अंडं सोड," तू कुजबुजलीस,
"आणि मीठ विरघळवत राहा.
नाण्याएवढं कपाळ पाण्याबाहेर आलं की थांब."
"केवढं नाणं?"
तेवढ्यात मागून म्हातारीनं हाक मारली: लुचिया!
तू ओ दिलीस.
फोन बंद झाला.

अंडं बराच वेळ तळाशी बसून होतं,
समजूत काढायला कुणी येईल म्हणून.
मूठभर. अजून मूठभर.
मग ते एका टोकावर उभं राहिलं, डुललं,
आणि कुणी बघत नाहीसं पाहून वर आलं.
खिशातली सगळी नाणी ओट्यावर मांडली,
एकेक शेजारी धरून पाहिलं.
तुझ्या जुन्या कोटात राहिलेलं तिकडचं एक नाणंही होतं,
ते बाजूला ठेवलं.
वीस स्तोतिंकींवर थांबलो.

तळाला आंबट चेरीच्या काटक्या,
मग सेलरीचा पाला, मग थर, मग पाला,
वर ओसम नदीतला तो चपटा दगड,
जो निवडायला तू अर्धा दिवस लावला होतास
आणि मी काठावर बसून वैतागलो होतो.

आता रोज संध्याकाळी
खालच्या तोटीतून पाणी काढतो, वरून पुन्हा ओततो.
नाहीतर मीठ सगळं तळाशी, आणि वरचं अळणी.
कामाला पाच मिनिटं लागतात.
मी तासभर खाली असतो.

गावात बोलतात.
दोन वर्षं म्हणून गेली, पाच झाली,
कुठंतरी पाणी मुरतंय, पेन्को.
मुरतंय खरं. मी रोज मोजून ओततो.

चौदाव्या दिवशी झाकण काढलं,
एक टोमॅटो कापला, पेल्यात दोन बोटं राकिया.
खारट झालाय.
अंड्याचं कपाळ जरा जास्तच वर आलं असणार.
स्तोइना म्हणाली, खाण्याआधी पाण्यात भिजव, चालतं.
मी तसाच खाल्ला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर,
तेवढा तिखटही नव्हता.

शुक्रवारी वेसेलिनची व्हॅन इटालीला जाते.
तीन लिटरची बरणी भरली,
झाकणाला चिकटपट्टीचे सहा वेढे,
भोवती माझा जुना स्वेटर.
तिथल्या बस स्टँडवर तो खोक्यांवरची नावं
मोठ्यानं पुकारतो म्हणे.
म्हणून तुझं नाव पूर्ण लिहिलं, बापाच्या नावासकट,
मार्करनं, चारही बाजूंना.
आणि वर: आडवं ठेवू नये.
गळतं.