रात्रीची काचपट्टी

साडेआठनंतरच निघायचं असतं आम्हाला.
दिवसा घेतलेलं रक्त साळसूद असतं,
विचारलं तर काहीच सांगत नाही.
हत्तीपायाचे जंतू तेव्हा
फुफ्फुसाच्या आडोशाला निजलेले असतात,
आणि डास उठायच्या वेळेला
तेही येतात कातडीखालच्या बारीक नळ्यांत,
पाळीवर आलेल्या कामगारांसारखे.
ही वेळ त्यांना कोणी शिकवली
हे प्रशिक्षणातही कोणी सांगितलं नाही.

म्हणून बोडीच्या पाळीवरून पिपरटोल्याला
मी, आशाताई वनमाला आणि एक बॅटरी.
कुत्री आम्हाला ओळखत नाहीत.
माणसं ओळखतात :
'आले जी, रक्तवाले आले.'

जेवून उठलेले हात पुढं येतात,
साबणानंही न गेलेला मासोळीचा वास.
डावा हात. करंगळीशेजारचं बोट.
स्पिरिट वाळू द्यायचं, फुंकर नाही मारायची.
पहिला थेंब कापसाला,
दुसरा काचेवर, कोपऱ्यानं गोल पसरायचा
जुन्या आठ आण्याएवढा.
डोमाजी वलथरेंच्या बोटाला जाळी विणून असे घट्टे
की पहिली सुई आत गेलीच नाही.
'रक्त संपलं वाटते बाई,' ते म्हणाले,
'उधार लिहून ठेवा.'

मग पाय.
नडगीवर अंगठा दाबायचा, दहा मोजायचे, उचलायचा.
खळगा पडला, की लगेच नाव ठेवायचं नाही रोगाला.
दोन्ही पाय सारखे सुजले असतील
तर पापणी खाली ओढून बघायची, आतून पांढरी आहे का,
विचारायचं, उताणं निजलं की धाप लागते का,
लघवी कमी होते का.
एकच पाय असेल, आणि खळगा हळूहळू भरून येत असेल,
तर सूज अजून पाणी आहे,
पाण्याशी बोलता येतं.

पार्बताबाई मारबतेंच्या डाव्या पायावर
मी दहा मोजले, मग वीस.
खळगा पडला नाही.
'एकोणीस वर्सं झाली,' त्या म्हणाल्या,
'दुखन तं तुयाच अंगठा दुखन.
हे मायी सासू हाये. खरी मेली, हे राह्यली.
रोज पाय धुवा लागते हिचे.'
खरंच धुतात. बोटांच्या बेचक्यांत साबण,
मग जुन्या लुगड्यानं टिपून कोरडं,
रात्री उशीवर पाय, उशी स्वतःला नाही.
मला सरकारनं जे पत्रक दिलंय
ते या बाईला पाहून काढल्यासारखं.

दाराच्या आड सुगंधा, एकोणीस वर्षांची,
पुढच्या महिन्यात साक्षगंध.
बोट दिलं, आणि हळूच :
'नाव नका लिहू जी.'
मी काचेवर सदतीस कोरलं.
नाव रजिस्टरमध्ये लिहिलं, घरी आल्यावर.

सकाळी काच पाण्यात धरली,
लाली सुटून गेली, रंग चढवला.
सूक्ष्मदर्शकाखाली, सदतीसवर, एकच :
आवरण पांघरलेला, मुरड घालून थांबलेला,
घाईत कोणी सही करावी तसा.
मी डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला.
सही तीच होती.

बारा दिवसांच्या गोळ्या, जेवून घ्यायच्या.
पहिल्या दिवशी जराशी कणकण आली तर घाबरायचं नाही,
ते मरत असतात.
तिनं पाय पुढं केला तेव्हा
मी नडगीवर अंगठा दाबला, दहा मोजले, उचलला.
काही नव्हतं.
सरळ हाड, वर गार कातडी.
काही नसणं इतकं स्पष्ट
माझ्या अंगठ्याला आजवर लागलं नव्हतं.

'साक्षगंधाच्या आधी संपन का?'
मी बोटांवर दिवस मोजले.
'संपेल.'

निघताना वळून पाहिलं :
अंगणात बसून ती स्वतःच्या पायावर अंगठा ठेवून
दहापर्यंत मोजत होती.
मग शेजारच्या पोराच्या,
मग पार्बताबाईंच्या, उगाच.
मग कुत्र्याच्या.
कुत्रं सहाला उठून गेलं.