सात सेकंद

राळेगावच्या अलीकडे एक जिनिंग आहे,
तिच्या काट्यावरचा प्रोग्राम मी नव्याने लिहिला,
घराच्या माळ्यावर बसून, जिथे नेट येतं ते फक्त
खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात.

जुन्या फाइलीत ओळ दोनशे चौदा:
सात सेकंद थांब, मग वजन घे.
शेजारी इंग्रजी अक्षरांत मराठी शेरा,
ही ओळ काढू नये. प. झो., १९९८.

बस. कारण नाही.

पुण्याहून नचिकेत माझा कोड तपासतो.
म्हणाला, उघडा आकडा नको. सातच का, सहा का नाही?
कारण सांगता येत नसेल
तर ती ओळ नाही, ती अंधश्रद्धा आहे.
मला असली वाक्यं लगेच पटतात.
दोन दिवस आम्ही भांडलो ते
ओळीआधी मोकळ्या जागा चार असाव्यात की दोन,
नावं मराठीत द्यावीत की नाही, यावर.
सात सेकंदांना अर्धा मिनिटही दिला नाही.
काढली.
एकशे सहा चाचण्या, सगळ्या हिरव्या.

शुक्रवारी काही चढवू नये, हा त्याचा नियम.
आमच्याकडे शुक्रवारी बाजार, काटा बंद,
म्हणून शुक्रवारीच चढवलं.

शनिवारी दुपारपर्यंत एकच ट्रॉली
तीनदा तोलली, तीन वजनं.
साठ किलोंचा फरक.
फाटकापासून डांबरी रस्त्यापर्यंत रांग, हॉर्न, शिव्या.
वासुदेव मडावी, काट्यावर सव्वीस वर्षं,
माझ्यावर ओरडले नाहीत.
प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली.
"बस. पाय."

पाहिलं.
ट्रॅक्टर चढतो, प्लेट दबते, थरथरते.
ड्रायव्हर फोनवर बोलत उतरतो,
एक पाय भुईवर, दुसरा अजून पायरीवर,
कुणाच्या तरी सोयरिकीचं ठरत असतं,
आणि माझा प्रोग्राम, हुशार, चपळ,
त्याच्यासकट वजन घेऊन मोकळा.

"तवा बैलगाड्या ये," मडावी म्हणाले.
"बैल सोडले का जू खाली टेके, गाडी डोले.
झोटिंग साहेब तीन दिवस इथंच बसले, घड्याळ घेऊन.
कोनाची गाडी कितीकात थांबते, सारं लिहून घे.
भगवानच्या गोऱ्ह्यानं लय दम काढला.
ते सात त्याचे."

ओळ परत आली.
आकड्याला नाव दे, नचिकेत म्हणाला.
दिलं: बैल_थांबेपर्यंत.
त्याने विचारलं, बैल येतात अजून?
दोन जोड्या. बाकी ड्रायव्हर.
हसला असावा. मंजूर केलं.
मग खाली एक ओळ: याची चाचणी कुठे आहे?

गोऱ्ह्याची चाचणी कशी लिहितात
याचा विचार करत मी जुनी फाइल
खाली खाली वाचत गेले,
या वेळी दर शेऱ्यापाशी थांबून,
देवळासमोरून जाताना थांबतात तशी.

ओळ तीनशे एक्याण्णव:
भरल्या गाडीमागे नऊ किलो वजा.
हीही ओळ काढू नये. प. झो.

"काका, ही कावून?"
मडावींनी पावतीपुस्तकाचा दुमडलेला कोपरा
सरळ केला. पुन्हा दुमडला. पुन्हा सरळ केला.
पापण्यांवर रुईचं बारीक पांढरं.
"हे बैलाचं नाई, बाई."

रात्री माळ्यावर नवा कोड उघडला.
शेरा गाळून
ती ओळ आम्ही इमानदारीने उतरवली होती,
आकड्याला नीट नाव देऊन: मानक_वजावट.
नचिकेतला तिथे काही खटकलं नव्हतं.
मलाही नाही.
तिची तर चाचणीसुद्धा होती.
हिरवी.