सभासद

रुवैस, ऑगस्ट. स्विचरूममध्ये अठरा अंश,
दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ.

दर एकशेपंचवीस सेकंदांनी राउटर हाळी देतो
साऱ्या कॅम्पला, एकदमच:
कोण ऐकतंय? काय हवंय?
जो उत्तर देईल त्याच्या दाराशी चित्र वळतं,
पाटाच्या पाण्यासारखं,
बारं उघडं असेल तिथेच.

मेस चारचा डबा उत्तर देत नव्हता.
जुना, तीन कॅम्प फिरून आलेला.
चॅनल लावताना एकदा 'हो' म्हणायचा,
मग मुका.
दोनशेसाठाव्या सेकंदाला राउटर पाणी तोडायचा.

दाभोळकडचे हुर्झुक चाचा, वेल्डर,
रात्री आठच्या मराठी बातम्या बघायचे
चार मिनिटं वीस सेकंदांच्या तुकड्यांनी.
गुडघ्यांवर हात टेकून उठायचे, चॅनल लावायचे,
येऊन बसायचे.
अर्ध्या तासात सहा वेळा, कधी सात.
तक्रार त्यांनी नाही केली. आचारी भास्करननं केली:
या माणसाचा रस्सा रोज थंड होतो.

मग मी एक ओळ लिहिली.
गट २३९.१०.४.१७, या पोर्टवर, कायमचा.
म्हणजे, विचारू नकोस. आहे असं धर.
दुसरीही एक रीत असते:
राउटर स्वतःच सभासद होतो,
येईल ते पॅकेट आधी आपण चाखतो, दमतो.
ती टाळली.
यानं फक्त पुढं वाढायचं.

त्या रात्री चाचा एकदाही उठले नाहीत.
बातमी कुठल्याशा पुलाच्या उद्घाटनाची होती.
जाहिरातीसुद्धा बघितल्या त्यांनी.

आमच्या घरच्या रेशनकार्डावर माझं नाव अजून आहे.
तेरा वर्षं झाली.
दुकानदार विचारत नाही, वहिनी सांगत नाही,
माझ्या वाटणीचे गहू
दर महिन्याला घरी येऊन पडतात.
खातं कोण?
वहिनी म्हणते, कोंबड्या.

मार्चमध्ये चाचांचा व्हिसा संपला.
डबा भंगारात गेला.
भिंतीवर चार स्क्रूंची भोकं,
आणि टीव्हीच्या मापाचा, बाकीपेक्षा पांढरा चौकोन.

आज ऑडिटच्या रॉनेलनं यादी समोर धरली.
मेस चार, श्रोते शून्य,
शेवटचं उत्तर: नोंद नाही.
तरी सेकंदाला चार मेगाबिट जातायत तिकडे.
कुणासाठी, सर?

काढायला काय, त्याच ओळीच्या आधी
एक 'नो' लिहायचा.
लिहिला. बोट एंटरवर ठेवलं.
घड्याळात आठला दोन कमी.

काढतो, म्हटलं त्याला.
बातम्या होऊ देत.